चिखलीचा शिधा आणि उट्रेक्टचा शनिवार

परदेशी जाताना लोक स्वेटर नेतात, औषधं नेतात, कॅमेरा नेतात. आम्ही पीठ नेलं. ज्वारीचं वेगळं, गव्हाचं वेगळं. तूरडाळ, तांदूळ, तिखट, हळद, चहापत्ती, साखर, आणि मीठसुद्धा. चिखलीहून हॉलंडला मीठ घेऊन जाणारं आमचं पहिलंच जोडपं असावं.

कारण आमच्या यांच्या घराण्यातली रीत. लेकीला लेकरू होईस्तोवर आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही. लेकरू झालं की ते नातवाचं घर होतं, आणि नातवाच्या घरी आजा जेवला तर कोण काय म्हणेल? तोवर मात्र ते जावयाचं घर, आणि जावयाच्या अन्नावर आपला हक्क नाही. बुलढाण्याहून देऊळघाटला लेक दिलेली असली तर ही रीत सोपी आहे. सकाळी जावं, लेकीला डोळे भरून पाहावं, चहाला हात जोडावेत आणि भूक लागायच्या आत घरी परत यावं. रीत घालून देणाऱ्यांनी लेक विमानानं जायच्या अंतरावर पडेल हे धरलेलंच नव्हतं.

आमची लेक पडली. ती आणि जावई दोघंही उट्रेक्ट नावाच्या शहरात नोकरी करतात. हे नाव आमच्या गल्लीत कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही "ॲमस्टरडॅमच्या जवळ" असं सांगायचो. लग्नाला पाच वर्षं झाली होती. लेकरू नव्हतं. आम्ही आठवड्यासाठी तिच्याकडे निघालो, आणि चिखलीत बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या माझ्या नवऱ्यानं विमानात बसल्या बसल्या शास्त्रार्थ सुरू केला.

"तिच्या नळाचं पाणी चालीन," हे म्हणाले. "पाणी नगरपालिकेचं असते."

"अन् शेगडी?"

"वीज सरकारची."

"भांडे?"

"भांडे तं आपुनच देल्ले लग्नात."

दुधापाशी मात्र गाडं अडलं. दूध जावई दुकानातून आणणार. म्हणून हे आठवडाभर काळा चहा प्यायले आणि "तब्येतीले चांगला असते" असं ज्याला त्याला सांगत राहिले. ज्याला त्याला म्हणजे मला, कारण दुसरं कुणी ऐकायला नव्हतं.

पहिल्या संध्याकाळी लेकीनं टेबलावर चार ताटं मांडली होती. भरली वांगी केली होती, वरण, भात, कोशिंबीर. हे बॅग उघडून म्हणाले, "बाई, आमचं आमी आणलं हाय." तिनं दोन ताटं उचलून परत फडताळात ठेवली. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी एकाच शेगडीवर दोन वरणं शिजली. एक तिचं, एक आमचं. जावई पुण्याचे, गरीब स्वभावाचे. ते दोन्ही पातेल्यांकडे पाहायचे आणि काहीतरी आणायला बाहेर जायचे.

मला लेकीनं विमानतळावरच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आई, निघायच्या आधी एकदा तरी बाबांनी माझ्याकडे जेवायला हवं. एकदाच. बाकी मला काही नको." मी म्हटलं, पाहते. पाहते म्हणजे काय करते, ते मलाही ठाऊक नव्हतं.

आता माझंही सांगते. सकाळी हे आंघोळीला गेले की लेक माझ्यापुढे पोह्यांची बशी सरकवायची, आणि मी ओट्याशी उभी राहून चटाचटा खायची. यांची आंघोळ लांबते, तरी कान नळाकडे असायचा. उभ्यानं खाल्लेलं जेवणात धरत नाहीत, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आमच्या घरात एकटे हेच शास्त्री होते असं नाही.

शुक्रवारी रात्री पीठ संपलं, डाळ-तांदूळही संपले. मी अंदाज चिखलीच्या भुकेवर केला होता, आणि तिथल्या गार हवेनं यांची भूक दुप्पट झालेली. रविवारी सकाळी विमान. राहिला शनिवार.

"कायची चिंता नाही," हे म्हणाले. "उद्या दिवसभर गावात फिरू. भायेरच खाऊ. संध्याकाळचं बी कायतरी घेऊन येऊ बांधून."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. "चालेल," ती म्हणाली. "बाहेरच खाऊ. तुम्हाला गाव दाखवते." पण सकाळी बुटाची नाडी बांधताना ती हळूच मला म्हणाली, "आई, उरला फक्त आजचा दिवस."

जावई घरी थांबले. मला वाटतं त्यांना आमचा कंटाळा आला असावा, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

शनिवारी सकाळी उट्रेक्टच्या एका अरुंद रस्त्यावर कापडाचा बाजार भरतो. हे मला आठवडाभर कुणी सांगितलं नव्हतं, नाहीतर मी पहिल्या दिवशीच शनिवार कधी आहे ते विचारलं असतं. चिखलीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाउज शिवायचं आणि पिको-फॉलचं दुकान आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापडाचे ताके उभे, आडवे, ढिगानं पडलेले, आणि तुकड्यांच्या टोपल्या. गोऱ्या बायका त्या टोपल्यांत कोपरापर्यंत हात घालून उपसत होत्या. ते पाहून मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. बायका सगळीकडे सारख्याच उपसतात.

मीही घुसले. एक निळं सुती कापड उचललं, टोक नाकाला लावलं आणि हात लांब करून मोजायला लागले.

"आई, ती मीटरनं देते," लेक म्हणाली. "तुझ्या नाकावर तिचा विश्वास नाही."

कापडवाली उंच, रुंद खांद्यांची बाई होती. मी माझं ठेवणीतलं इंग्रजी काढलं, "लास्ट प्राइस?"

तिनं पाटीवर खडूनं लिहिलेल्या आकड्याकडे बोट दाखवलं. "फर्स्ट प्राइस, लास्ट प्राइस, सेम प्राइस," ती म्हणाली आणि मोठ्यानं हसली.

"पाह्यलं?" हे मागून म्हणाले. "हिले म्हणतात दुकानदारी. तुह्यासारखं नाही, का गिऱ्हाइकानं तोंड वाईट केलं का लगेच पाच रुपये कमी."

"तुमी उधारी देता ते?"

"ते बियाणं हाय. ते उधारीवरच उगवते."

मी ब्लाउजपीस होतील असे बरेच तुकडे घेतले. गल्लीतल्या प्रत्येक बाईला हॉलंडचा ब्लाउजपीस मिळाला पाहिजे, एकीला मिळाला आणि एकीला नाही असं झालं तर मला गल्ली सोडावी लागेल. लेक पिशवी धरून माझ्यामागे होती. आणि तेवढ्यात एका टोपलीत माझा हात एका कापडावर गेला. मऊ, धुतल्यासारखं, पांढऱ्यावर लहान लहान पिवळी बदकं. शिवणाऱ्या बाईचा हात कापडावर पडला की डोक्याच्या आधी हातालाच कळतं त्याचं काय होईल. ह्याचं दुपटं होईल. लेकराच्या अंगाला टोचणार नाही. मी ते दोन बोटांत धरून चोळत उभी राहिले, किती वेळ कुणास ठाऊक.

"हे कोणासाठी?" लेकीनं विचारलं.

"असंच वं. आपल्या गल्लीत एका सुनेले दिवस हायेत."

"कोणाच्या सुनेला?"

"तू नाही ओळखत. नवे हायेत."

आमच्या गल्लीत नवं कुणी आलेलं नाही, आणि आलं असतं तर मी त्याच संध्याकाळी फोनवर तिला सांगितलं असतं. हे तिलाही माहीत होतं. "घे ना मग," ती म्हणाली. मी म्हटलं, नको, रंग जाईल, आणि घडी घालून परत ठेवलं. आयुष्यभर कापडाच्या घड्या घातल्या, पण ती घडी काही नीट बसली नाही.

तिथून आम्ही मोठ्या बाजारात गेलो. मध्ये रस्ता ओलांडताना हे दोनदा सायकलखाली येता येता वाचले. तिथं गाडी थांबते, सायकल थांबत नाही. एक म्हातारी तर घंटी वाजवत अशी आली, की हे चक्क माझ्या मागे लपले.

"आपल्याकडं बैल बी इतला सरळ नाही येत," हे म्हणाले.

बाजारात चीजचे मोठे मोठे पिवळे चाकांसारखे गोळे मांडून ठेवलेले. दुकानदार सुरीनं कापून चव पाहायला तुकडा देत होता. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी शास्त्राचा क्षणभर विचार केला. "दुकानदारानं देल्लं तं ते दुकानदाराचं," म्हणाले, आणि खाल्लं. मग नवं चीज खाल्लं, मग जुनं, मग जिऱ्याचं. जिऱ्याचं खाऊन म्हणाले, "हे आपल्यातलं हाय." शेवटी काहीच घेतलं नाही. पुढच्या दुकानातही तसंच. तिसऱ्या दुकानापाशी मीच यांची बाही धरून ओढून काढलं.

पुढं एका गाडीवर गरम जाळीदार बिस्किटं होती, दोन पातळ पापुद्र्यांच्या मध्ये काकवीसारखा पाक. तव्यावरून काढून कागदात देत होते. आपल्या गुळाच्या पोळीची विलायती मावसबहीणच. यांनी तीन घेतली, आणि लेकीच्या हातात पहिलं दिलं. तिनं घास घेतला, पाक हनुवटीवर ओघळला, तो बोटानं पुसला. मग म्हणाली, "बघा बाबा, तुम्ही दिलेलं मी खाल्लं. मला काही झालं नाही."

"तुले कायचं होईन? बापानं लेकीले देल्लं."

"आणि लेकीनं बापाला दिलं तर काय होतं?"

यांनी आपल्या बिस्किटावर फुंकर घातली. "गरम हाय," म्हणाले. "हळू खाय."

जवळच फुलांचा बाजार होता. टोपल्यांतून कांद्यासारखे कंद ठेवले होते, वर फुलांची चित्रं. बियाण्यांच्या दुकानदाराला दुसऱ्याचं दुकान दिसलं की पाय हलत नाहीत. यांनी एक कंद उचलला, दाबून पाहिला, वास घेतला आणि लेकीला म्हणाले, "विचार त्याले, उगवण किती टक्के?" लेकीनं विचारलं. फुलवाल्यानं काय उत्तर दिलं ते तिनं सांगितलं, "तो म्हणतो, सगळे उगवतात." हे मान हलवत बाहेर आले. "खोटं बोलून राह्यला. सगळे कवाच उगवत नाहीत."

मी पटकन लेकीकडे पाहिलं. ती पुढं चालत होती.

मग तिनं आम्हाला गावातला सर्वांत उंच मनोरा दाखवला. चर्चचा मनोरा, पण चर्चपासून तुटून एकटाच उभा आहे. मध्ये मोकळं पटांगण, त्याच्या पलीकडे चर्च. लेक म्हणाली, पूर्वी दोन्ही एकच होतं. फार वर्षांपूर्वी मोठं वादळ आलं आणि मधला भाग कोसळला.

"मंग परत बांधला नाही?" यांनी विचारलं.

"नाही. तसंच राहिलं."

"पैशे कोणी खाल्ले असतीन."

"बाबा!"

"बरं बरं. पण मंधात नाही बांधलं तं मंधात नाही बांधलं. जाता-येता तं येते ना?" हे पटांगणातून चालत पलीकडे गेले, चर्चच्या भिंतीला हात लावून परत आले, जणू तपासून पाहिलं. वर चढायचं का, असं लेकीनं विचारलं, तेव्हा आम्हा दोघांचे गुडघे एकदमच बोलले.

दुपार झाली तशी झिमझिम सुरू झाली आणि थांबली. गावाच्या मधून कालवा जातो, आणि त्याच्या पाण्यालगत खाली, रस्त्याच्या खालच्या अंगाला, फरशीची वाट आहे. जुन्या वखारी होत्या म्हणे तिथं. आता खाणावळी. पायऱ्या उतरून आम्ही एका बाकावर बसलो. यांनी पैसे दिले आणि लेकीनं कागदाच्या कोनांतून तळलेले बटाटे आणले, वर पांढरी मलईसारखी चटणी. यांनी खाऊन पाहिलं. "याच्यात काईच नाही," म्हणाले. मी पर्समधून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली आणि सगळ्यांच्या कोनांवर भुरभुरली. मग जरा बरं झालं. समोरून नाव जात होती, तिच्यातल्या लोकांनी आम्हाला हात केला. आम्हीही केला. असे छान बसलो होतो आम्ही.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचं आहे," लेक म्हणाली. "आईनं सांगितलं नसेल."

माझा हात कोनातच थांबला.

"मला दोनदा दिवस गेले होते. एकदा दोन वर्षांपूर्वी, एकदा मागच्या वर्षी. राहिलं नाही. दवाखाना चालू आहे. डॉक्टर म्हणतात होईल. कदाचित नाहीही होणार."

आमच्यात या गोष्टी बापाला सांगत नाहीत. आईला सांगतात, आणि आई देवघरात जाऊन डोळे पुसते. बापाला एकदम पेढेच देतात. त्यामुळे असं बाकावर बसून, बटाटे खाता खाता, लेक बापाला हे सांगेल, याची यांची काय, माझीही तयारी नव्हती.

यांनी हातातला कोन बाकावर ठेवला. मग माझ्याकडे वळले. "तुले ठाऊक होतं?"

"हाव," मी म्हटलं.

"अन् मले नाही सांगतलं."

"काय सांगू? तुमचा जीव..."

"माह्या जिवाचं माह्यावर सोडाव."

"आईला बोलू नका," लेक म्हणाली. "ती तरी रोज पोहे खाते माझ्या घरी. चोरून खाते, पण खाते."

मला वाटलं, कालव्यात उडी मारावी. पण हे शांतपणे म्हणाले, "मले ठाऊक हाय. दुसऱ्याच दिवशी हिच्या पदराले मोहरी लागेल होती. आपल्या शिध्यात मोहरी नोहती."

म्हणजे आठवडाभर मी आंघोळीच्या नळाकडे कान लावून पोहे गिळले, आणि या माणसाला सगळं माहीत होतं. यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. बियाण्यांच्या दुकानात बसून माणूस असा पोटात ठेवणारा होतो.

"मला दोन्हीचा कंटाळा आलाय, बाबा," लेक म्हणाली. ती रडत नव्हती. आवाज साधाच होता, म्हणून जास्त लागला. "तुम्ही खात नाही त्याचाही, आणि आई चोरून खाते त्याचाही. तुमची रीत म्हणते लेकरू झाल्यावर. आणि नाही झालं तर? मग तुम्ही कधीच नाही जेवणार माझ्याकडे? मी पन्नास वर्षांची होईन, तेव्हाही तुम्ही पीठ घेऊनच याल?"

"मी कायचा राहतो तवापर्यंत," हे म्हणाले.

"विषय बदलू नका."

मी कागद चुरगाळून धरला होता, तो यांनी माझ्या हातातून घेतला, आतले उरलेले बटाटे लेकीपुढे धरले. "थंडे होऊन राह्यले," म्हणाले. तिनं एक उचलला. आम्ही तिघंही पाण्याकडे पाहत, चावत बसलो. मला त्या वेळी वाटलं होतं, की आता झालं. दिवस गेला. उद्या विमान.

परतीच्या वाटेवर यांनी ब्रेड घ्यायचा म्हणून दुकानापाशी पाय थांबवला. आत जाऊन आले आणि मोकळ्या हातांनी बाहेर आले. "नव्हता," म्हणाले. त्या दुकानात काचेतून मला छतापर्यंत ब्रेडच दिसत होता. मी गप्प राहिले. मला नुकतंच कळलं होतं, की गप्प राहणारी घरात मी एकटी नाही.

घरी पोचलो तर दार उघडताच फोडणीचा वास. जावयांनी खिचडी केली होती, मुगाची, आणि कढी. त्या भल्या माणसाला कालव्यावरचं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी सरळ चार ताटं मांडून ठेवली होती. लेकीनं आठवड्याच्या सवयीनं दोन उचलली आणि फडताळाकडे निघाली.

"ठेव," हे म्हणाले.

ती थांबली.

यांनी हात धुतले, खुर्ची ओढली, पातेल्यात डोकावलं आणि जावयाला म्हणाले, "जावईबापू, हे सारं तुमी केलं?"

"हो बाबा, मीच. जरा पातळ झालीय."

"बस मंग," यांचा चेहरा उजळला. "लेकीच्या हातचं नाही, तं काय अडचण हाय? जावयाच्या हातचं खाऊ नये असं कोणी सांगतलं? कोणीच नाही. वाढा."

मला हसू फुटणार होतं. आठवडाभराच्या शास्त्रार्थाचा शेवट असा गोड होईल असं मला वाटलं नव्हतं. पण लेकीनं ताटं छातीशी धरलेली होती, आणि तिनं ती खाली ठेवली नाहीत.

"नाही बाबा," ती म्हणाली. "असं नको."

"काऊन वं? जेवतो म्हणून राह्यलो ना?"

"आईनं सांगितलंय मला, पाणी नगरपालिकेचं, वीज सरकारची, भांडी तुमची, आणि आता खिचडी जावयाची. मग या घरात माझं काय आहे? मला पळवाट नको आहे. जेवायचं तर माझ्या घरी जेवतो म्हणून जेवा. नाहीतर मी खाली जाऊन ब्रेड आणते. खरंच आणते. मी रागावणार नाही."

जावई डाव हातात धरून उभे. ते इतके अवघडले होते की त्यांनाच पाट देऊन बसवावंसं वाटलं. हा वाद काही मी सोडवायचा नव्हता.

हे टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. मग म्हणाले, "माही एक बहीण होती. वरवट बकाल गावाले देल्ली होती. तुही मोठी आत्या."

लेकीनं तिला पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलं होतं, दोन-तीनदा. उंच बाई, मोठं कुंकू, फार बोलायची नाही.

"तिले लेकरू नाही झालं. माहा बाप दरसाल जाये तिच्याकडं. मी संगं राहो. ओट्यावर बसे बाप. ती आतून म्हणे, बाबा, जेवून जा. बाप म्हणे, नाही बाई, गाडी हाय. गाडी कायची? रिकामी बैलगाडी उभी असे दारात, आमचीच." हे थांबले. "तो गेला तोवर नाही जेवला. मंग मी जाओ. मी बी नाही जेवलो. मले वाटे, रीत हाय. ती बी मंग बोलवायची थांबली."

कढी शेगडीवर उतू जायला लागली, तेव्हा जावयांनी धावत जाऊन बटण बंद केलं.

"वाढ बाई," हे लेकीला म्हणाले. "तुह्या घरी जेवतो."

तिनं ताट पुढं ठेवलं. पण डाव हातात घेऊन ती परत थांबली. आमची लेक आहे ती, असं तसं सोडणार नाही. "तिकडं गेल्यावर कुणी विचारलं तर सांगाल?"

"विचारलं तं सांगीन."

"आणि नाही विचारलं तर?"

"मंग काय दुकानावर पाटी लावू?"

जावई पहिल्यांदा हसले, आणि मग तीही हसली. हसता हसता तिनं डोळे मनगटानं पुसले आणि खिचडी वाढली, एक डाव, दोन डाव, "बस बस" म्हणत असतानाही तिसरा. यांनी पहिला घास घेतला. आम्ही तिघं यांच्या तोंडाकडे पाहत होतो, जणू विषाची परीक्षा चालली होती.

"मीठ कमी हाय," हे म्हणाले.

"बाबा, मीठ मी घातलं," जावई म्हणाले.

"तुमच्या हाताचं नाही, या घरचं मीठ आजवर कमी खाल्लं, ते सांगतो." आणि मीठ न घेताच खात राहिले.

मी माझं ताट स्वतःच घेतलं. लेकीनं वाढलं, मी बसून जेवले. इतकंच सांगते, की मी बसून जेवले.

जेवणं होत आली. यांचं ताट जवळजवळ स्वच्छ झालं होतं. दिवसभर चीज, बिस्किटं आणि बटाटे खाऊन या माणसाला इतकी भूक कुठून लागली, ते मला आजही कळलेलं नाही. मला वाटतं लागलेली नव्हती. कढीची वाटी तोंडाला लावून संपवली, खाली ठेवली, आणि मग लेकीकडे न पाहता, अगदी दुकानात गिऱ्हाईक काहीतरी मागतं तशा आवाजात म्हणाले, "उद्याच्या वाटेले काही बांधून देशीन का?"

ती पाहतच राहिली. मग म्हणाली, "काय देऊ?"

"तुले जे येत असीन ते."

"तिखटमिठाच्या पुऱ्या येतात."

"त्याच दे."

ती लगेच उठली. डबा काढला, परात काढली, तिच्या घरची. पिठात हात घातला आणि वळून मला विचारलं, "आई, किती घेऊ पीठ?"

मी खुर्चीतून उठणारच होते. सवय. पण बसून राहिले. "तुह्या घरातलं माप मले काय ठाऊक?" मी म्हटलं. "तूच पाय."

हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "जास्तच घे माय. मुंबईपासून चिखलीपर्यंत लय वेळ लागते."